बायचा उपास

आमच्या घरात साप होता असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो, मग पायाखाली. तो साप माझा नव्हता. आणला माझ्या दिरानं, जयवंतनं, आणि पाळला सासूबाईंनी. मी फक्त त्याच खोलीत जीव मुठीत धरून दूध तापवत होते.

सासूबाईंचं नाव रुक्मिणी. गाव कुडाळजवळचं. सासरे लालबागला गिरणीत होते. ते गेल्यावर सासूबाईंनी लालबागची खोली सोडली आणि मुलुंडला दोन खोल्यांची जागा घेतली, कारण थोरला मुलगा आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात फिटर होता. थोरला मुलगा म्हणजे काशीराम, माझा नवरा. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही, पण इथे ‘हे’ ‘हे’ करत बसले तर वाचणाऱ्याला काही कळायचं नाही, म्हणून घेते. धाकटा जयवंत मालवाहू जहाजावर भंडाऱ्याच्या हाताखाली होता, म्हणजे स्वयंपाकघरात. त्याला दुसरं काय जमणार होतं? लहानपणापासून आईच्या हाताखाली नारळ खवत वाढलेला मुलगा तो.

सासूबाईंना एकच काम मनापासून यायचं, ते म्हणजे जेवायला घालणं. पोस्टमन, मीटर बघणारा, वर्गणी मागायला आलेली पोरं, कोणी रिकाम्या पोटी आमच्या दारातून परत गेलं नाही. ‘नको’ हा शब्द त्यांना ऐकूच यायचा नाही. पानावर आडवा हात धरला तर त्या बोटांवर आमटी वाढायच्या. मी घाटकोपरहून लग्न करून आले तेव्हा काडी होते, वर्षभरात माझे सगळे ब्लाउज उसवावे लागले. मला राग यायचा. पण त्यांच्यावर रागावायचं म्हणजे तोंडात घास असताना रागावायचं, ते काही जमायचं नाही.

चौऱ्याऐंशी साली जयवंत जहाजावरून आला तो एक उशीचा अभ्रा गाठ मारून घेऊन. अभ्रा हलत होता. त्यानं गाठ सोडली आणि हातभर लांबीचा, तांबूस अंगावर चॉकलेटी पट्टे असलेला, शेपटीकडे विटेसारखा लाल साप त्याच्या मनगटाला गुंडाळून बसला. ब्राझीलच्या कुठल्याशा बंदरावर घेतला म्हणाला. बोआ जातीचा. विष नाही, अजगरासारखा आवळून खातो.

“ह्यां काय हाडलंस रे जयवंता?” सासूबाई ओरडल्या.

“आये, मादी आहे. लोला नाव आहे तिचं.”

“लोला? ह्यां कसला नाव!” त्या दोन पावलं पुढे आल्या. मी दोन पावलं मागे गेले. त्यांनी सापाकडे नीट बघितलं आणि मला भीती होती तोच प्रश्न विचारला. “जेवता काय?”

झालं. त्या दिवसापासून लोलाची बाय झाली, आणि आमचं दूध-भाजी ठेवायचं जाळीचं कपाट तिचं झालं. जयवंतनं त्यात एक जाडशी फांदी बसवली, पाण्याचं पसरट भांडं ठेवलं, ऊब राहावी म्हणून जाळीच्या बाहेरून दिवा लावला. पंधरा दिवसांतून एकदा काशीराम क्रॉफर्ड मार्केटातून पांढरा उंदीर आणायचा, दुकानदारच तो मारून वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचा. मी त्या कामासाठी वेगळी सांडशी घेतली आणि चुकूनही आमच्या सांडशीत मिसळू नये म्हणून तिला लाल दोरा बांधला. सांडशीत धरलेला उंदीर पुढे गेला की बाय मान मागे घेई आणि पापणी लवायच्या आत झडप घाली. मी तेव्हा नेहमी दुसऱ्या खोलीत असायचे. सासूबाई मात्र समोर पाटावर बसायच्या आणि तिच्या घशातून तो फुगा खाली सरकताना बघून म्हणायच्या, “जेव गो बाय, सावकाश जेव.”

जयवंत पुन्हा जहाजावर गेला. बाय वाढली. शहाऐंशी सालापर्यंत ती माझ्या मनगटाएवढी जाड आणि काशीरामपेक्षा लांब झाली होती. मी तिला हात कधी लावला नाही, पण तिच्या असण्याची सवय झाली. सवय माणसाला कशाचीही होते. फक्त पत्र न येण्याची होत नाही.

जयवंत दर महिन्याला पत्र टाकायचा. त्या वर्षी उन्हाळ्यात पत्रं थांबली. आषाढ गेला तरी काही नाही. काशीराम सुट्टी टाकून फोर्टात कंपनीच्या ऑफिसात जाऊन आला. तिथल्या माणसानं “कळवू” म्हटलं. दुसऱ्यांदा गेला तेव्हाही “कळवू”. तिसऱ्यांदा गेला तर ऑफिसला कुलूप. हे कुलपाचं काशीरामनं मला सांगितलं, आईला सांगितलं नाही. पण सासूबाईंना कोणी काही सांगावं लागायचं नाही. मुलगा कोणत्या पावलानं जिना चढतोय यावरून त्यांना सगळं कळायचं.

मग श्रावण आला, आणि नागपंचमी.

आमच्या इमारतीतल्या बायका दरवर्षी पाटावर चंदनानं नाग काढून पूजा करायच्या. त्या दिवशी काही चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. सासूबाईंनी बायला आजवर पूजेला कधी बसवलं नव्हतं. “ती घरातली हा, देव नाय,” म्हणायच्या. पण त्या वर्षी त्यांनी ठरवलं, साऱ्या इमारतीनं बायला हात लावायचा, आणि सगळ्यांच्या तोंडानं जयवंतसाठी गाऱ्हाणं घालायचं. गावाकडे देवापुढे घालतात तसं. मी म्हटलं, “आई, बायकांच्या अंगावर गेली म्हणजे?” त्यावर त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. आदल्या दिवशीच त्यांनी काशीरामला मार्केटात पाठवून चांगला मोठा उंदीर आणवला होता.

“पोट भरलेला पोर कोणाकडेय जाता,” त्या म्हणाल्या. “रडत नाय, चावत नाय.”

आता यात काय चूक होतं सांगा. मलाही पटलं. खाल्ल्यावर तिला हात लावायचा नाही हे जयवंतनं कधी सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं असणार, जेवलेल्याला कोण उचलून नाचवतंय?

सकाळपासून रांग लागली. सासूबाई पाटावर, मांडीवर बाय, तिच्या पोटात कालचा उंदीर गाठोड्यासारखा फुगलेला. एकेक बाई यायची, हळद लावायची, कुंकू लावायची, डोळे मिटून हात फिरवायची आणि ओरडून मागे सरायची. कोणी दुधाचा चमचा तोंडाशी धरला. चौथ्या मजल्यावरच्या मिठाबेननं तर लाह्यांचा वर्षाव केला. मग सासूबाईंनी गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा, माझो झील दर्यावर गेलो हा. खंय हा तां तुकाच ठावक. तेच्या पोटात अन्न पडांदे, तो सुखरूप घराक येवंदे, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्या बायका म्हणाल्या. मिठाबेनसुद्धा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत असा वास सुटला की मला वाटलं गटार फुटलं. बायनं सगळा उंदीर परत काढला होता, अर्धा विरघळलेला. ती कोपऱ्यात मान टाकून पडली होती. सासूबाईंनी पदर नाकाला न लावता कपाट धुतलं, आणि दोन दिवसांनी काशीरामला म्हणाल्या, “पोट रिकामी झाला तिचा. जा, दुसरो हाड.”

तिनं तो खाल्ला. सासूबाई खूश. तिसऱ्या दिवशी तोही बाहेर आला.

घरात पोराला उलटी झाली की आपण काय करतो? थोडं थांबतो आणि पुन्हा भरवतो. सासूबाईंनी आयुष्यभर हेच केलं होतं आणि त्यांची सगळी पोरं त्यावर वाढली होती. त्यांनी लहान उंदीर दिला, मग कोंबडीचं पिल्लू दिलं, मग ओव्याचं पाणी तिच्या भांड्यात घातलं. जे पोटात गेलं ते परत आलं. आणि मग ते जायचंही थांबलं. सांडशी पुढे केली की बाय तोंड फिरवायची.

तीनेक आठवड्यांत तिची रया गेली. गोल अंग होतं ते तिकोनी झालं. पाठीचा कणा छपराच्या आढ्यासारखा वर आला आणि दोन्ही बाजूंनी कातडीला उभ्या घड्या पडल्या. मला त्या सापाबद्दल कधी माया वाटली नव्हती. तरी दूध तापवताना माझी नजर सारखी तिकडे जायची.

कारण सासूबाईंनी संध्याकाळचं जेवण सोडलं होतं.

“भूक नाय,” म्हणायच्या. ज्या बाईनं सगळ्या जगाची भूक मोजली, तिला भूक नाही! एकदा मी हट्टानं पान वाढलं तर त्या कपाटाकडे बघत म्हणाल्या, “बाय खायत नाय, म्हणजे थंय माझो झील जेवत नाय. माका कळता तां.”

“आई, काहीतरीच काय? साप तो साप, भावजी ते भावजी.”

“तेनाच हाडलेली मा ती?” त्या म्हणाल्या, आणि पान उचलून ठेवलं.

आता मला सापाची नाही, सासूबाईंची भीती वाटायला लागली. बाय जर मेली, तर या बाईला कोण समजावणार की मुलगा जिवंत आहे? आणि तो आहे हे तरी आम्हाला कुठे माहीत होतं?

आमच्या मागच्या इमारतीत मार्तंड सर राहायचे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. कुठे साप निघाला की लोक त्यांना बोलवायचे. त्यांच्याकडे आम्ही आधीच जायला हवं होतं, पण सासूबाईंचा त्यांच्यावर राग होता. सत्यनारायणाला आले असताना त्यांनी शिऱ्याचा द्रोण “गोड चालत नाही” म्हणून परत केला होता. प्रसादाला नाही म्हणणारा माणूस सासूबाईंच्या लेखी माणसात जमा नव्हता. मी त्यांना न विचारताच सरांना घेऊन आले.

सरांनी बायला दोन्ही हातांनी अलगद उचललं, तोंड उघडून आत बघितलं, पोटाखालून बोटं फिरवली, खवल्यांमध्ये गोचीड आहे का पाहिलं. मग सगळी हकिकत विचारली.

“तोंड स्वच्छ आहे. छातीत घरघर नाही,” ते म्हणाले. “मावशी, हिला आता काही खायला देऊ नका.”

“किती दिवस?” मी विचारलं.

“दोन-तीन आठवडे तरी. फक्त स्वच्छ पाणी. कपाटावर कापड टाका. कोणी बघायचं नाही, हात लावायचा नाही.”

सासूबाई पाटावरून उठल्या. “ह्यां तुमचा औषध? आधीच हाडां दिसतत तिची. उपाशी ठेवन कोण बरो झालो हा आजपर्यंत?”

मला वाटलं आता सरांना बाहेरचा रस्ता. पण सर शांतपणे खाली बसले. “मावशी, खाल्लेलं जिरवायला पोटात एक रस लागतो. सापाच्या उलटीबरोबर तो सगळा निघून जातो. तो पुन्हा साठायला वेळ लागतो. तो साठायच्या आत तुम्ही पुढचा उंदीर देता, तो जिरत नाही, कुजतो, म्हणून ती परत काढते. आणि राहिलेला रसही जातो. तुम्ही जेवढं भरवताय तेवढी ती खंगतेय.”

सासूबाईंचा चेहरा असा झाला की मला सरांचाच राग आला. इतकं स्पष्ट बोलायची काय गरज होती? त्या बायकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “म्हणजे बावीसारखा. सगळा पाणी उपसला, आणि लगेच कळशी सोडली, तर चिखलच येतलो. झरो भरांक व्हयो.”

“अगदी तसंच,” सर म्हणाले.

“किती वाईट हो,” सासूबाई म्हणाल्या. “मीच चिखल केलंय.”

सरांना त्यांनी चहा विचारला. सर बिनसाखरेचा प्यायले. तेवढं सासूबाईंनी चालवून घेतलं.

कपाटावर सासूबाईंचं जुनं लुगडं टाकलं गेलं, आणि मग सुरू झालं ते थांबणं. भरवणं सोपं असतं हो. हात हलतात, चूल पेटते, माणूस गुंतून राहतो. न भरवता बसणं फार कठीण. सासूबाई कपाटाकडे पाठ करून बसायच्या आणि कान मागे असायचे. आत जरा सरसर झाली की त्यांचा हात लुगड्याकडे जायचा आणि परत यायचा. न राहवून त्या आमच्यासाठीच रांधत सुटल्या. एवढी घावनं, एवढी उसळ, खाणार कोण? आम्ही दोघं मान खाली घालून गिळत होतो, त्या आमच्याकडे बघत बसत होत्या आणि स्वतः एक वेळच जेवत होत्या. मला कधीकधी किंचाळावंसं वाटायचं. कपाटात मेलेला साप असला तर लुगड्याआड कोणाला कळणार, हाही विचार रोज यायचा. मी सकाळी पाण्याचं भांडं बदलताना डोळे किलकिले करून बघायचे. जीभ लपलपली की सुटकेचा श्वास टाकायचे आणि सासूबाईंना नुसती मान हलवून सांगायचे.

इमारतीच्या गणपतीत घाटकोपरहून निरोप आला. माझ्या माहेरच्या गल्लीतला दत्ताराम जयवंतच्याच जहाजावर होता आणि आजारी पडला म्हणून त्याला घरी पाठवलं होतं. मी आणि काशीराम धावत गेलो. दत्ताराम खाटेवर बसला होता, आणि मी त्याला ओळखलंच नाही. गालाची हाडं, खोल डोळे. मला एकदम कपाट आठवलं.

“वाट लागली रे काशीराम,” तो म्हणाला. “मालक गायब झाला. आफ्रिकेत एका बंदराबाहेर जहाज अडकवून ठेवलंय. उतरायला देत नाहीत, निघायला देत नाहीत. तांदूळ संपत आला होता. एक वेळ भात, तोही मूठभर. पाणी मोजून.”

“जयवंत?” काशीरामनं विचारलं.

“जिवंत आहे. वाढायला तोच असतो ना. सगळ्यांना सारखं वाढतो, कुणाला एक शीत कमी नाही. मग टोपात काही उरलं तर तो खातो.” दत्ताराम भिंतीकडे बघायला लागला. “उरत नाही रे रोज.”

परत येताना आम्ही दोघांनी ठरवलं की आईला एवढंच सांगायचं, तो सुखरूप आहे, जहाज अडकलंय, सुटेल. काशीरामनं तसं सांगितलं आणि खाली आरतीला निघून गेला. आईसमोर खोटं बोलून तिथं थांबायची त्याची हिंमत नव्हती. मी भांडी आवरायला घेतली. खाली झांजा सुरू झाल्या. सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

“खरा सांग, प्रेमा. तो जेवता काय?”

मी वळले नाही. म्हटलं, जेवतात. आणि घासलेलंच भांडं पुन्हा घासायला घेतलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मग मला सगळं सांगावंच लागलं. टोपाचंही सांगितलं.

त्या रडल्या नाहीत. “माझीच शिकवणी,” म्हणाल्या. “वाढणाऱ्यान मागसून जेवचा. मीच सांगलंय तेका.” आणि त्या सरळ बाहेरच्या खोलीत गेल्या. मी हात पुसत मागे धावले. त्यांनी कपाटावरचं लुगडं ओढून काढलं होतं आणि कडीला हात घातला होता. दुसऱ्या हातात एक वाटी होती. कशाची ते मी बघितलं नाही, त्यांच्या हाताला लागली ती असणार. हजारो मैलांवरच्या मुलाला भरवता येत नव्हतं, हात तर शिवशिवत होते, आणि समोर कपाटात एक उपाशी जीव होता.

“आई,” मी म्हटलं. एवढंच.

बाय फांदीला गुंडाळून होती. तिनं डोकं उचलून जिभेनं वास घेतला. सासूबाईंचा हात कडीवरच होता. खालची आरती संपून दुसरी सुरू झाली तरी त्या तशाच उभ्या. मग त्यांनी कडी सोडली, वाटी माझ्या हातात दिली आणि लुगडं उचलून पुन्हा कपाटावर टाकलं. कडा नीट खाली ओढल्या, पोराचं पांघरूण ओढावं तशा. नंतर त्या भिंतीला टेकून बसल्या आणि मग कुठे रडल्या.

गणपती गेले. सरांनी येऊन बायला पाहिलं आणि सांगितलं, आता देऊन बघू. पण काय द्यायचं? डोळेही न उघडलेलं उंदराचं पिल्लू, माझ्या अंगठ्याएवढं.

“एवढाच?” सासूबाई कळवळल्या. “दाताखाली तरी लागात काय तिच्या?”

“एवढंच,” सर म्हणाले.

पहिल्यांदा मीही समोर उभी राहिले. लाल दोऱ्याची सांडशी पुढे गेली. बाय बघत राहिली. इतका वेळ बघत राहिली की काशीरामचा हात भरून आला. मग तिनं मान पुढे केली, झडप नाही, काही नाही, हळूच तोंडात धरलं आणि गिळलं. लुगडं खाली आलं. आणि आता पुढचे दिवस वास येतो का याचे. मी सकाळी उठल्या उठल्या नाक वर करून उभी राहायचे. भाजी करपली तरी आधी कपाटाकडे धावायचे. वास आला नाही. आठवड्याच्या वर थांबून पुन्हा तेवढंच दिलं, मग जरा मोठं.

नवरात्रात एकदा मी न्हाणीघरात होते आणि सासूबाईंची आरोळी ऐकली. “प्रेमा! गो प्रेमा! धाव!”

मी साबणाच्या हातानं धावले. त्या कपाटापुढे उभ्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

“हगली गो! बाय हगली!”

खाल्लेलं जिरलं होतं, त्याची ती पावती. सासूबाईंनी काशीरामला पाठवून पेढे आणवले आणि इमारतभर वाटले. मिठाबेननं विचारलं, कशाचे पेढे? मी काय सांगणार, कप्पाळ? म्हटलं, देवीचे. त्या संध्याकाळी सासूबाई जेवल्या.

दिवाळीनंतर जयवंत आला. जहाजावरच्या लोकांना शेवटी सरकारनं सोडवून आणलं होतं. तो येणार हे दोन दिवस आधी कळलं आणि घरात वादळ झालं. सासूबाई महिनोन् महिने मनातल्या मनात ज्या जेवणाची तयारी करत होत्या ते आता प्रत्यक्षात येणार होतं, कोंबडीची सागोती आणि वडे. वड्यांचं पीठ दळून आलं, वाटपाचं खोबरं भाजून झालं, काशीराम सकाळीच कोंबडी घेऊन आला. इमारतीतल्या बायका ताटं, पेढे, नारळ घेऊन जिन्यात थांबल्या. गाऱ्हाणं त्यांनीही घातलं होतं ना.

टॅक्सीतून उतरलेला माणूस काशीरामच्या खांद्याला धरून जिना चढला. दारात उभा राहिला आणि हसला. सदरा खुंटीला टांगावा तसा त्याच्या अंगावर टांगलेला होता. गळ्याची हाडं, मनगटाची हाडं. त्याच्या मानेच्या बाजूला कातडीच्या उभ्या घड्या होत्या, आणि तशा घड्या आमच्या घरात आम्ही याआधी बघितल्या होत्या.

“आये,” तो म्हणाला, “काय वास सुटलाय! वाढ लवकर. जहाजावर रोज स्वप्नात वडे खाल्ले गं.”

सासूबाईंनी त्याला नखशिखांत बघितलं. जवळ घेतलं नाही, ओवाळायचं ताटही उचललं नाही. आत गेल्या. मला वाटलं पान घ्यायला गेल्या. चुलीवर वाटप शिजत होतं ते त्यांनी खाली उतरवलं आणि झाकण घातलं. कोंबडीचं पातेलं माझ्या हातात दिलं.

“ह्यां मिठाबेनकडे नको, ती खायत नाय. खालच्यांका देवन ये. आज आपल्याकडे नको.”

“अहो आई, पण भावजी...”

त्यांनी ऐकलं नाही. सकाळचा मऊ भात पाण्यात घोटून त्याची पातळ पेज केली, मिठाचा खडा टाकला, आणि वाटीत घातली. पूर्ण वाटी नाही, अर्धी. ती जयवंतच्या पुढे ठेवली. त्यानं ती तीन घोटांत संपवली आणि वाटी पुढे केली.

“आणखी.”

मी या घरात आल्यापासून कोणी वाटी पुढे केली आणि सासूबाईंनी ती भरली नाही असं कधी झालं नव्हतं. पेजेचं भांडं त्यांच्या शेजारीच होतं, डाव त्यांच्या हातात होता.

“नको,” त्या म्हणाल्या. “झरो भरांदे.”

जयवंतला काही कळलं नाही. तो माझ्याकडे बघायला लागला, मी कपाटाकडे. लुगड्याखाली बाय वेटोळं घालून गाढ पडली होती. सासूबाई उठल्या, दाराबाहेर गेल्या आणि आपल्या मागे दार ओढून घेतलं. फटीतून मला जिन्यातल्या बायका दिसत होत्या, ताटं घेतलेल्या, उत्सुक.

“आज कोण येव नको,” सासूबाई त्यांना म्हणाल्या. “हात लाव नको, विचार नको काय. चार दिसांनी येवा.”

बायका कुजबुजत खाली गेल्या. सासूबाई तिथंच उंबऱ्याबाहेर, दाराकडे पाठ करून बसल्या. आतून जयवंत म्हणाला, “आये, भूक आहे गं अजून.” त्यांनी मागे वळून बघितलं नाही. पेजेचा डाव अजून त्यांच्या हातातच होता, आणि त्या तो दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या होत्या.